सुलूताईंच्या हातचं विरजण

सुलोचनाबाई मगदुमांच्या डाव्या तर्जनीवर एक जुनी खूण होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, सासूच्या देखत लाल भोपळा चिरताना बोट विळीवर घसरलं होतं, त्याची. छत्तीस वर्षं झाली त्याला. बिल्डिंगमधल्या निम्म्या बायकांना ती गोष्ट तोंडपाठ होती, कारण सुलूताई ती दर भोपळ्याला नव्यानं सांगायच्या. तर ही खूण जून महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी आपोआप उघडली.

कापलं नाही, कशावर आपटलं नाही, ठेचलं नाही. सुलूताई भाकरी थापत होत्या आणि पीठ लालसर दिसायला लागलं.

"धनू, इकडं ये गं जरा. हे बघ काय झालंय माझ्या बोटाला."

धनश्री ऑफिसला निघाली होती. तिनं आईचं बोट नळाखाली धरलं आणि पीठ धुऊन काढलं. कातडीचे दोन काठ अलगद बाजूला झाले होते, आत ओलं गुलाबी मांस दिसत होतं. रक्त दोनच थेंब. जिथं छत्तीस वर्षांपूर्वी विळी लागली होती, बरोबर तिथंच, तेवढीच लांब, तशीच तिरकी.

"दुखतंय?"

"नाही ना! तेच तर नवल."

जखम दुखली असती तर धनश्रीला बरं वाटलं असतं. तिनं बोटाला पट्टी बांधली, आईला पाण्यात हात घालू नकोस म्हणून बजावलं, आणि चप्पल काढून परत खुर्चीवर बसली. ऑफिसला जायचं तिला सुचेना.

या बोटाचं मूळ होतं जानेवारीत, आणि ते सुलूताईंच्या नव्हे, धनश्रीच्या अंगावर होतं.

धनश्री तेहतीस वर्षांची, सांगलीच्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत कामाला. हुशार, तोंडानं फटकळ. पण रस्त्यानं चालताना खांदे पुढं घेऊन, पोक काढून चालायची. तेराव्या वर्षापासून तिची छाती तिच्या अंगाला जड झाली होती. खांद्यावर पट्ट्यांच्या खाचा पडलेल्या, करंगळी बसेल एवढ्या. मान सतत अवघडलेली, उन्हाळ्यात छातीखाली पुरळ. आणि लोकांच्या नजरा, त्यांचं काय सांगायचं? बोलताना समोरचा माणूस आपल्या डोळ्यांत बघतोय, हे सुख तिला फोनवर बोलतानाच मिळायचं. शेवटी तिनं ठरवलं, छाती कमी करून घ्यायची. आईला सांगितलं. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "घे करून. मी येते पुण्याला. पण बिल्डिंगमध्ये पाठीच्या मणक्याचं सांगू." धनश्रीलाही तेच हवं होतं. ही गोष्ट या दोघींपलीकडे कुणाच्या कानावर जायला नको, एवढी एकच तिची अट होती.

म्हणूनच तिला व्रण नको होता.

पुण्याच्या डॉ. हेरवाडकर बाईंनी तिला कागदावर काढून दाखवलं होतं. "पूर्वी आम्ही तीन रेघा घ्यायचो. एक बोंडाभोवती गोल, तिथून एक उभी खाली, आणि एक आडवी, छातीच्या घडीत लपेल अशी. मग आडवी गाळून गोल आणि उभीवर भागवायला शिकलो. टाके वरच्या कातडीला ताण न देता आतल्या थरात घ्यायला लागलो. वरून महिनोन्‌महिने पट्ट्या लावल्या. रेघा बारीक झाल्या, पण गेल्या नाहीत. कारण व्रण सुरी करत नाही, शरीर करतं."

"म्हणजे?"

"जखमेवर ताण आला की कातडीतल्या पेशी घाबरतात म्हणा ना. घाईघाईनं जाड दोर वळायला लागतात, आडवेतिडवे, मिळेल तसे. ते दोर म्हणजे व्रण. गर्भात असं होत नाही. पाचव्या महिन्याच्या आत बाळाला आईच्या पोटात जखम झाली तर ती खूण न ठेवता भरते. आता आमच्याकडे कातडीवर राहणारे जंतू आहेत, मुद्दाम घडवलेले. ते एक रेणू तयार करतात, त्यामुळे पेशींना ताण जाणवतच नाही. त्या निवांत बसून नवी कातडी विणतात, बाळासारखी."

"जंतू?" धनश्रीच्या कपाळाला आठी पडली.

"तुम्ही दूध संघातल्या. तुम्हाला विरजणाची भीती वाटते का?" बाई हसल्या. "पट्टीत त्यांचं खाणं असतं, एक साखर. चाळीस दिवसांनी पट्टी बंद केली की ते उपाशी. चार दिवसांत मरतात. शिवाय ते जांभळ्या दिव्याखाली हिरवे चमकतात, त्यामुळे कुठं आहेत, कुठं नाहीत, सगळं दिसतं."

कुठली साखर, हे धनश्रीनं विचारलं नाही. दिवसभर दुधातली साखर मोजणारी बाई ती, पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांपुढं फक्त एक सरळ पाठीची, सरळ खांद्यांची धनश्री उभी होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते कळायला वेळ लागतो.

शस्त्रक्रिया छान झाली. चाळीस दिवस पट्ट्या लावल्या. मग रोज दोनदा दहा-दहा मिनिटं हलक्या हातानं चोळायचं होतं, आतले टाके मऊ पडावेत म्हणून. कागदावर लिहिलं होतं, हातमोजे घालावेत, बाजारातलं कुठलंही तेल वा मलम लावू नये.

"मोजे?" सुलूताईंनी ते निळे हातमोजे दोन बोटांत धरून बघितले. "तुला न्हाऊमाखू घातलं ते काय मोजे घालून? लेकीच्या अंगाला का प्लास्टिकचे हात लावू?" मोजे गेले कचऱ्यात. आणि कोरड्या हातानं चोळलं तर कातडी ओढली जाते, म्हणून त्यांनी वाटीत दुधावरची साय घेतली.

"आई, काही लावायचं नाही म्हणून सांगितलंय."

"बाजारातलं लावायचं नाही. साय काय बाजारातली आहे?"

धनश्रीला हसू आलं आणि तिनं चोळू दिलं. दूध संघातून रोज दोन लिटर दूध घरी यायचं, सायीला तोटा नव्हता. आईचा हात इतका हलका होता की तिला चोळता चोळता झोप लागायची. उरलेली साय सुलूताई स्वतःच्या हातांना चोळायच्या आणि मग स्वयंपाकघरात जाऊन दूध विरजायला घ्यायच्या. हात धुऊनच, हो! दूध कोमट झालं का, हे त्या बोट बुडवून बघायच्या. त्यांच्या आईनं तसंच शिकवलं होतं, आणि बिल्डिंगमध्ये सुलूताईंसारखं दही कुणाचं लागत नव्हतं. कुणाचं विरजण बिघडलं की वाटी त्यांच्याच दारात यायची. धनश्री मात्र दही खायची नाही. दिवसभर दुधाच्या वासात राहून घरी पुन्हा तेच कशाला, म्हणायची.

मार्चपर्यंत धनश्रीच्या छातीवर काहीही राहिलं नाही. रेघ नाही, डाग नाही, टाक्याचं टिंबही नाही. दंडावरची लहानपणच्या लशीची खूणसुद्धा गेली. तिनं नवे कपडे शिवले आणि मान वर करून चालायला लागली. एप्रिलमध्ये सुलूताईंच्या मनगटावरचं गोंदण फिकट झालं. लग्नाच्या वर्षी जत्रेत गोंदवून घेतलेलं 'दिनकर' आता नीट वाचता येईना.

"तुझ्या पप्पांनी घरातून घेतला, तसा इथूनही काढता पाय घेतला बघ," सुलूताई म्हणाल्या आणि त्या जागेवर अंगठा फिरवत बसल्या. पण हात इतके मऊ झाले होते की मनातून त्या खूश होत्या. मे महिन्यात भावाच्या नातवाच्या बारशाला हिंगणवाडीला जाऊन आल्या, तर तिथं म्हणे सगळ्या बायकांनी हात धरधरून बघितले.

आणि आता जून होता, आणि छत्तीस वर्षांपूर्वीची जखम उघडली होती.

धनश्रीनं डॉ. हेरवाडकरांना फोन लावला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "नाही, आपल्या औषधाचा संबंध नसणार. तुमच्या पट्ट्या फेब्रुवारीतच संपल्या. ते जंतू जिवंत असूच शकत नाहीत. खायला काही नाही त्यांना."

"ते खातात काय, डॉक्टर? कुठली साखर?"

"दुधातली. लॅक्टोज. तीच मिळाली की ते रेणू तयार करतात, नाहीतर नाही. म्हणून तर निवडली. माणसाच्या कातडीवर ती कधीच नसते."

ओट्यावर सायीची वाटी होती. शेजारी दह्याचं पातेलं, वर जाळी. "मी नंतर करते," एवढं म्हणून धनश्रीनं फोन ठेवला, दह्याचा एक चमचा डबीत घेतला आणि स्कूटर काढली.

प्रयोगशाळेत चाऱ्यावरची बुरशी तपासायला एक जांभळा दिवा असतो. अंधारी खोली, दार लावायचं, दिवा धरायचा. धनश्रीनं काचेच्या बशीत दही पसरलं. दिवा लावताना मनात ती देवाला सांगत होती की काही दिसू नये. आईचं दही साधं दही असू दे.

बशी हिरवीगार उजळली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पोपटी, ओला, जिवंत उजेड.

तिनं आपला हात दिव्याखाली धरला. तळवा स्वच्छ. मग कुडत्याचं वरचं बटण काढून आत बघितलं, तर छातीवर धुकं पसरावं तसा हिरवा पट्टा होता. रोज साय लागत होती की तिथं! तिची पाचावर धारण बसली. दूध नासलं तर फेकता येतं, हे ती कुठं फेकणार होती?

ती दिवा पिशवीत घालून बाहेर पडली. बिल्डिंगखाली स्कूटर लावतानाच बाईंचा फोन आला. आता त्यांच्याही आवाजातला शांतपणा गेला होता. धनश्रीनं दही सांगितलं, साय सांगितली, बोट बुडवणं सांगितलं.

"अरे देवा," बाई म्हणाल्या. "नीट ऐका. व्रण एकदा झाला की झाला, असं आपण समजतो. तसं नसतं. तो झिजत असतो आणि शरीर त्याला रोज पुन्हा विणत असतं, जन्मभर. जुन्या काळी बोटीवरच्या खलाशांना महिनोन्‌महिने ताजी फळं मिळायची नाहीत, तेव्हा विणणं थांबायचं, आणि वीस-वीस वर्षांच्या जुन्या जखमा उघडायच्या. तुमच्या आईंच्या शरीरात तेच चाललंय. तो रेणू त्यांच्या पोटातून रक्तात जातोय. त्यांच्या अंगावर आणखी जुन्या जखमा आहेत? ऑपरेशन? सिझेरियन?"

"नाही. मी घरीच झाले. ऑपरेशन कसलंच नाही." धनश्रीचा जीव जरा भांड्यात पडला. "हार्टचा त्रास आहे, पण त्यात कापाकापी नव्हती. चार वर्षांपूर्वी झटका आला होता. आमच्यात आहेच ते, मामांचं तर बायपास झालंय. आईला मनगटातून नळी घालून स्टेंट बसवला होता."

बाईंनी तिला पुढं बोलू दिलं नाही.

"धनश्री, झटक्यात हृदयाचा तुकडा मरतो. त्या मेलेल्या जागी व्रण धरतो. तोच तिथली भिंत सांभाळतो. तो व्रण विरला, तर भिंतीत फक्त..." बाईंनी वाक्य सोडलं. "आई कुठे आहेत आत्ता? झोपवा त्यांना. चालू देऊ नका. जिना तर अजिबात नाही."

धनश्री धावत वर गेली. दाराला नुसती कडी होती आणि घरात कोणी नव्हतं. ओट्यावर पातेल्याची जाळी बाजूला ठेवलेली, फळीवरची स्टीलची छोटी वाटी जागेवर नाही.

विरजणाची वाटी बहुतेक वेळा ज्यांच्याकडे जायची त्या चौगुले काकू चौथ्या मजल्यावर राहायच्या. बिल्डिंगला लिफ्ट नव्हती.

ती जिन्यात आली आणि तिला वरून आईच्या पायातल्या जोडव्यांचा आवाज ऐकू आला. टक, टक, थांबणं, दम खाणं, पुन्हा टक. मोठ्यानं हाक मारावी असं तिच्या अगदी ओठांवर आलं, पण आई दचकली तर? दचकून काळीज जोरात उडालं तर? मांजरानं उंदराच्या मागं जावं तशी ती पायांचा आवाज न करता दोन-दोन पायऱ्या चढली. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर आई कठड्याला धरून उभी होती. एका हातात वाटी, दुसऱ्या हाताचं बोट पट्टीत.

"आई," ती अगदी हळू म्हणाली. "बस इथंच. पायरीवर."

"काय गं? तोंड का असं पांढरं पडलंय? चौगुलेवहिनींचं विरजण..."

"बस ना गं. माझ्यासाठी बस."

सुलूताई बसल्या. धनश्रीनं त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली. तिला आईला मिठी मारायची होती, पण घट्ट धरायचीही भीती वाटली. तिनं नुसतं शेजारी बसून रुग्णवाहिकेला फोन लावला आणि ती आईच्या छातीकडं बघत राहिली. निळ्या पातळाचा पदर वर-खाली होत होता. रुग्णवाहिका येईपर्यंतची एकोणीस मिनिटं तिनं त्या पदराशिवाय दुसरं काही बघितलं नाही.

दवाखान्यात पडद्यावर सुलूताईंचं हृदय दिसलं. धनश्रीला त्यातलं कळत नव्हतं, पण एका बाजूची भिंत सगळ्यांबरोबर आकसत नव्हती, प्रत्येक ठोक्याला बाहेर फुगत होती, आणि तिथं ती सायीइतकी पातळ दिसत होती. हृदयाच्या डॉक्टरांनी आवाज खाली आणून सांगितलं. जंतू मारायला गोळी आहे, आठवड्यात ते मरतील. मग शरीर पुन्हा व्रण विणायला लागेल. त्याला निदान सहा आठवडे. तोवर भिंतीनं तग धरायला हवा. रक्तदाब खाली ठेवायचा, उठायचं नाही, खोकायचंसुद्धा जपून. कसलीही वाईट बातमी द्यायची नाही, भेटायला येणाऱ्यांची रीघ नको.

"दादाला कळवू नकोस," सुलूताई पडल्या पडल्या म्हणाल्या. "त्याचंच बायपास झालेलं. धावत येईल मेला. ताप आलाय म्हण." आणि मग त्यांनी विचारलं, "धनू, मला काय झालंय? बोटाचं हार्टला कसं गेलं?"

वाईट बातमी द्यायची नव्हती. पण सुलूताईंना फसवणं कुणाला जमलंय? अर्ध्या तासात त्यांनी सगळं काढून घेतलं. ऐकून रडल्या नाहीत. पट्टी बांधलेलं बोट डोळ्यांपुढं धरून बघत राहिल्या.

"मी वाट्या दिल्यात गं सगळ्यांना."

"आरोग्य खात्याला कळवलंय, आई. दोन-चार दिवसांत लोक येतील तपासायला."

"दोन-चार दिवस? आणि प्राजक्ता?"

प्राजक्ता म्हणजे चौगुले काकूंची सून. सातवा महिना. पहिलं बाळ सिझेरियननं झालेलं.

"नुसतं दही खाऊ नका म्हणून सांगितलं तर कोण ऐकणार?" सुलूताईंचा श्वास लागत होता तरी त्या थांबेनात. "का म्हणून विचारतील. माझं नाव सांग. सुलूच्या हाताला रोग झाला म्हण. तुझं काही बोलू नकोस."

"बोलू नकोस तू. दमतेस. घरं सांग फक्त."

सुलूताईंनी डोळे मिटून अकरा घरं सांगितली. कुणाला केव्हा, कुठल्या वाटीत, सगळं त्यांच्या ध्यानात होतं.

धनश्री जिना चढत होती तेव्हा तिच्या मनात एकच चाललं होतं, काय सांगू? हाताला रोग झाला म्हटलं तर लोक आईला नावं ठेवतील आणि दही टाकून मोकळे होतील. त्यांच्या डॉक्टरांना कळायला हवं होतं की हे कुठले जंतू, कुठल्या शस्त्रक्रियेतले, कुठली गोळी. खोटं अर्धवट असतं, ते पुरलं नसतं. पण खरं सांगायचं म्हणजे स्वतःच्या तोंडानं ते शब्द उच्चारायचे, ज्यांच्यापासून ती वीस वर्षं पळत होती. चौथ्या मजल्यावर जाऊन तिनं बेल वाजवली.

चौगुले काकूंनी दार उघडलं. "अगं, सुलूताई कशा आहेत? रुग्णवाहिका बघून काळजाचं पाणी झालं!" मागं जेवणाच्या टेबलाशी प्राजक्ता बसली होती. तिच्यापुढं दहीभाताची ताटली होती.

"प्राजक्ता, ते खाऊ नकोस," धनश्री म्हणाली. "काकू, दार लावा. मला काहीतरी सांगायचंय. माझ्या मणक्याला काही झालं नव्हतं. मी जानेवारीत छाती कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं."

काकूंचे डोळे सवयीनं तिच्या छातीवर गेले आणि चटकन बाजूला झाले. धनश्रीचे कान तापले, पण ती थांबली नाही. जंतू, साय, आईचं बोट, आईचं हृदय, सगळं एका दमात सांगितलं. मग पिशवीतून दिवा काढला, खिडकीचा पडदा ओढला आणि ताटलीवर धरला. दहीभात हिरवा उजळला. प्राजक्ताच्या ओठांच्या कडेलाही हिरवा ठिपका होता.

प्राजक्तानं दोन्ही हात पोटावर ठेवले. "म्हणजे माझं आतलं... आधीचं जिथं शिवलंय ते..."

"आज दवाखान्यात जा. आत्ता. मी नाव लिहून देते औषधाचं."

"मुडदा बशिवला तुझ्या ऑपरेशनचा!" काकू ओरडल्या. "पाच महिने खोटं बोललात मायलेकी! माझ्या सुनेला काही झालं तर..." आणि ओरडता ओरडताच त्यांनी सुनेच्या चपला शोधायला घेतल्या, रिक्षाला फोन लावला, आणि दारातून जाताना धनश्रीच्या दंडाला धरून म्हणाल्या, "बाकीच्या घरी मी येऊ का नंतर? एकटी कशी सांगशील?"

ती एकटीच गेली. अकरा घरी अकरा वेळा तिनं तेच वाक्य म्हटलं. कुणी तोंड फिरवलं, कुणी हसू दाबलं, एका म्हातारीनं मात्र तिला जवळ ओढून आपल्या खांद्यावरची खाच दाखवली. सातव्या घरापर्यंत तिचा आवाज कापायचा थांबला होता. प्राजक्ताला दवाखान्यातच ठेवून घेतलं. तिचा आतला व्रण पातळ झाला होता, पण शाबूत होता.

मग सुरू झालं वाट बघणं. धनश्रीही गोळ्या घेत होती. डॉ. हेरवाडकरांनी तिला सांगितलं होतं, आता तुमच्या कातडीला ताण कळेल, जिथं कापलं होतं तिथं रेघा उमटतील, जाडच उमटतील, वाईट वाटून घेऊ नका. ती रोज सकाळी अंघोळीआधी आरशापुढं उभी राहून बघायची. कातडी गुळगुळीत दिसली की तिला घाबरं व्हायचं, कारण तिच्या अंगावर जे उमटत नव्हतं ते आईच्या काळजातही उमटत नसणार. दवाखान्यात आई जरा खोकली की ही पलंगाची कड धरून उभी राहायची. दूध तापवतानासुद्धा तिला भांडं उतू जाण्याची भीती वाटायला लागली होती.

सोळाव्या दिवशी डाव्या बाजूला, घडीच्या वर, एक लाल रेघ दिसली. खाजत होती. दुसऱ्या दिवशी ती दोऱ्याएवढी जाड झाली. धनश्रीनं तिच्यावरून बोट फिरवलं आणि न्हाणीघरात बसून हमसून हमसून रडली. ज्या रेघेला टाळायला तिनं एवढं सगळं केलं, ती आली म्हणून तिनं देवापुढं साखर ठेवली.

सात आठवड्यांनी सुलूताई घरी आल्या. भिंतीवर व्रण धरला होता, डॉक्टरांनी स्वतः बोट ठेवून पडद्यावर दाखवला होता तो पांढरा पट्टा. बोटावरची खूणही परत आली होती, आधीपेक्षा ठसठशीत. 'दिनकर' मात्र गेला तो गेलाच. जांभळ्या दिव्याखाली घरातलं प्रत्येक भांडं, प्रत्येक कप्पा धनश्रीनं तपासला होता. कुठंही हिरवं नव्हतं. प्राजक्ताला मुलगी झाली होती, आणि चौगुले काकू रागावलेल्या असूनही दोन्ही वेळचा डबा पाठवत होत्या.

सुलूताई खुर्चीत बसून ओट्याकडं बघत होत्या. "किती दिवस झाले, घरात दही नाही. बाजारातल्या दह्याला काय चव असते? मरो ते."

"लागेल सवय."

"सवय कशाला? दादाकडनं आण की थोडं. माझंच विरजण आहे ते. बारशाला गेले होते तेव्हा डबाभर नेलं होतं, वहिनीनं अजून चालवलंय. कालच फोनवर म्हणाली."

धनश्रीनं हातातला पेला ओट्यावर ठेवला. "तू मला अकरा घरं सांगितलीस."

"मग? अकराच घरी दिलं."

"मामांकडं नेलंस ते?"

"अगं, माहेरी नेलं त्याला दिलं म्हणतात का? ते तर घरचंच." सुलूताई हसल्या. "आणि ते मे महिन्यातलं गं. माझं बोट उघडलं जूनमध्ये. ते चांगलं आहे, बिघडायच्या आधीचं."

धनश्रीनं फोन उचलला आणि आईला दिसू नये म्हणून गॅलरीत गेली. चार वेळा रिंग वाजली. मामीनं उचलला.

"धनू! शंभर वर्षं आयुष्य आहे बघ तुला. आत्ताच आठवण काढली होती. आईला सांग, तिच्या दह्यानं काय गुण आलाय! यांच्या छातीवरचा तो बायपासचा चर होता ना, गळ्यापासनं पार खाली? गेला की गं! कातडी कशी बाळासारखी मऊ झालीय. सगळा गाव येऊन बघून जातोय."

"मामी, मामा कुठे आहेत?"

"हे काय, अंगणात. पेंडीची पोती आलीत ना, ती उतरून घेतायत. एकटेच उचलतायत, तरण्या पोरासारखे."

"मामी, ऐक माझं," धनश्री म्हणाली. तिनं गॅलरीचा कठडा धरला. "त्यांच्याजवळ जा आणि हातातलं पोतं हळूच खाली ठेवायला सांग. मग बसव त्यांना. पण ओरडू नकोस. दचकवू नकोस त्यांना."

"ऐकू येईना गं नीट! काय म्हणतेस? पोतं?" आणि फोन तोंडापासून बाजूला न घेताच मामीनं अंगणाकडं वळून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी, मामांना हाक मारली.